मुख्याध्यापक वर्गात कधी जाणार?

खास प्रतिनिधी, बेलापूर (जि. अहिल्यानगर)

बेलापूर म्हटले, की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर नवी मुंबईतील कार्यालयांच्या इमारती उभ्या राहतात. दौंड-मनमाड लोहमार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला आणखी एक बेलापूर भेटते. तेथे उतरल्यावर मात्र तो श्रीरामपूर शहरात असतो. ज्या गावाचे नाव या स्थानकाला मिळाले, ते बेलापूर तेथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी वसले आहे. ऊस, पाटपाणी आणि साखर कारखानदारी यांच्या आधाराने वाढलेल्या या पट्ट्यात मुलांच्या शिक्षणाची आस जुनी आहे. येथील पालकासमोर आज प्रामुख्याने तीन दारे असतात. पहिले जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे, दुसरे खासगी संस्थेच्या अनुदानित विद्यालयाचे आणि तिसरे पिवळ्या बसमधून मुले नेणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेचे.

यांपैकी कोणत्या दारामागे मास्तर खरोखर शिकवतात, हा प्रश्न दर जून महिन्यात घरोघरी चर्चिला जातो. त्याचे ठराविक उत्तरही तयार असते. सरकारी शिक्षकाला पगार भरपूर, पण तो शिकवीत नाही. खासगी शाळेतला तुटपुंज्या पगारावर राबतो, म्हणून तेथे शिक्षण चांगले. यावर शिक्षक संघटनांचे प्रत्युत्तरही ठरलेले आहे. अशैक्षणिक कामांचे ओझे काढा, मग आम्ही शिकवून दाखवतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, परंतु या वादात एक मूलभूत प्रश्न हरवतो. शाळेतील अध्यापनाच्या दर्जाला नेमके जबाबदार कोण, आणि ती जबाबदारी पार पाडण्यासाठी त्याच्या हाती कोणते अधिकार आहेत? बारकाईने पाहिले असता, या तिन्ही प्रकारच्या शाळांत या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

परीक्षेने काय साधेल?

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने शिक्षकांच्या व्यावसायिक पात्रतेचा विषय ऐरणीवर आणला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे ‘टीईटी’, उत्तीर्ण व्हावे, असा आदेश न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने दिला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे, त्यांना नोकरीत राहता येईल. पदोन्नती मात्र टीईटीविना मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

वीस-पंचवीस वर्षे फळ्यासमोर घालविलेल्या शिक्षकाला पुन्हा परीक्षेला बसावे लागणे अपमानास्पद वाटले, तर त्यात नवल नाही. दुसऱ्या बाजूला, डॉक्टर वा वकील यांच्याप्रमाणे शिक्षकालाही किमान पात्रता सिद्ध करावी लागावी, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. तथापि परीक्षा उत्तीर्ण होणे आणि चांगले शिकवणे यांत अंतर असते, हे महाराष्ट्राने फार कटू प्रकारे अनुभवले आहे. २०१९-२० च्या टीईटीत ७,८०० हून अधिक उमेदवारांच्या निकालात गैरप्रकार झाल्याचे पोलीस तपासातून पुढे आले, परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली आणि २०२२ मध्ये संबंधित उमेदवारांवर कारवाई झाली. पात्रता परीक्षा हा व्यवसायाचा उंबरठा आहे. तो ओलांडल्यानंतर पुढची तीस वर्षे शिक्षक कसा शिकवतो, हे पाहणारे आणि त्याला सुधारण्यास मदत करणारे कोणी शाळेत असावे लागते. ते काम मुख्याध्यापकाचे.

पद नाही, पदभार आहे

प्रथम जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० पर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळण्यासाठी पटसंख्या १५० च्या वर जावी लागते. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा १०० आहे. मोठ्या गावातील मुख्य शाळेला हा आकडा गाठता येतो. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांना तो स्वप्नवत आहे. तेथे दोन शिक्षकांपैकी जो ज्येष्ठ, त्याच्याकडे मुख्याध्यापकाचा पदभार येतो. त्याने दोन किंवा तीन इयत्ता एकत्र शिकवायच्या, शालेय पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, ‘युडायस’ व ‘सरल’ची माहिती भरायची, विद्यार्थ्यांच्या आधार नोंदींची पडताळणी करायची आणि उरलेल्या वेळात शाळेचे नेतृत्व करायचे, अशी व्यवस्था आहे. याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. माहितीचे तक्ते भरणे मात्र ‘शैक्षणिक’ या सदरात बसविले जाते, आणि तेथेच मुख्याध्यापकाचा कारकून होतो.

या शाळांवर देखरेखीची साखळी कागदावर भक्कम आहे. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि वर शिक्षणाधिकारी. नगर जिल्ह्यासाठी संगमनेर येथे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख ही १९९० च्या दशकात आलेली कल्पना तर फारच उपयुक्त होती. छोट्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक परवडत नसेल, तर दहा शाळांना मिळून एक शैक्षणिक मार्गदर्शक द्यावा, हे त्यामागचे सूत्र. परंतु केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिक्त राहिली. जेथे ती भरली होती, तेथेही केंद्रप्रमुख हा माहिती गोळा करून वर पाठविणारा टपालवाला होऊन बसला.

आणखी एक वास्तव येथे लक्षात घ्यावे लागते. ऊस गाळपाच्या हंगामात या पट्ट्यात मराठवाड्यातून तोडणी कामगारांची कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांना वर्षाच्या मध्येच प्रवेश देणे जिल्हा परिषदेच्या शाळेला टाळता येत नाही आणि ते टाळूही नये. हंगाम संपला, की ही मुले निघून जातात. अशा शाळेचा निकाल आणि प्रवेशाच्या वेळी पालकांची आर्थिक कुवत पाहणाऱ्या शाळेचा निकाल एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे आहे.

ज्येष्ठतेची ढाल

अनुदानित खासगी शाळांचा प्रश्न निराळा आहे. येथे मुख्याध्यापकाचे पद आहे, पर्यवेक्षक आहे, कार्यालयात लिपिक आहे. शाळेचे व्यवस्थापन संस्थेकडे आणि वेतन शासनाकडून, अशी ही रचना. संस्थाचालकांच्या मनमानीपासून शिक्षकांना संरक्षण देण्यासाठी १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आली. शिक्षकाला कारणाशिवाय घरी पाठविता येऊ नये, अन्याय झाल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता यावी, मुख्याध्यापकपद मर्जीतील व्यक्तीला न देता सेवाज्येष्ठतेने मिळावे, या तरतुदींची त्या काळी नितांत गरज होती. आजही ती संपलेली नाही.

पण या ढालीची दुसरी बाजूही आहे. ज्येष्ठतेने पदावर येणारा शिक्षक बहुधा निवृत्तीच्या दोन-चार वर्षे आधी मुख्याध्यापक होतो. शाळा चालविण्याचे कोणतेही भरीव प्रशिक्षण त्याला तोवर मिळालेले नसते. गणित उत्तम शिकविणारी व्यक्ती एका सकाळी संचमान्यता, रोस्टर, वेतन देयके आणि संस्थेच्या बैठका यांच्या चक्रात सापडते. पदभार समजेपर्यंत निरोप समारंभाची तारीख येते. शिवाय खरा अधिकार अनेकदा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे असतो. नेमणुका, वर्गवाटप, खरेदी यांत मुख्याध्यापकाचा शब्द चालतोच असे नाही. नेमणुकीसाठी ‘डोनेशन’ घेतले जाते, हे तर राज्यभरातील उघड गुपित होते. २ मे २०१२ च्या भरतीबंदीनंतर आणि पुढे ‘पवित्र’ पोर्टलमार्फत अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर भरती सुरू झाल्यावर त्याला काही प्रमाणात चाप बसला. ज्याने नोकरी विकत घेतली, त्याच्याकडून कामाचा हिशेब कोणत्या तोंडाने मागायचा, हा पेच मात्र जुन्या नेमणुकांच्या संदर्भात कायम राहिला.

वेतनवाढीचीही तीच तऱ्हा. १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी. मधल्या काळात वर्गात काय घडले, याचा त्या वाढीशी संबंध येतो तो ठराविक मुदतीच्या प्रशिक्षणापुरता. गोपनीय अहवाल लिहिले जातात. पण ते वाचून एखाद्याचे अध्यापन सुधारल्याचे क्वचितच ऐकिवात येते.

भीती म्हणजे व्यावसायिकता नव्हे

तिसरे दार इंग्रजी माध्यमाचे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने अशा शाळांचा मार्ग सुकर केला. येथे शिक्षक वेळेवर येतात, वह्या तपासल्या जातात, पालकांचे दूरध्वनी घेतले जातात. प्राचार्यांचा वर्गावर वावर असतो. हे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र या शिस्तीचा पाया बहुतेक ठिकाणी नोकरी जाण्याच्या भीतीवर रचलेला आहे. १९७७ चा कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागू असतो, हे अनेक शिक्षकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना ते बोलून दाखविणे परवडत नाही. नेमणूकपत्राविना, अकरा महिन्यांच्या करारावर काम करणारे शिक्षक अशा शाळांतून सर्रास आढळतात. अधिक पगाराची शाळा मिळताच ते निघून जातात. दरवर्षी निम्मे शिक्षक नवे असतील, तर प्राचार्यांनी कोणाला घडवायचे?

अनुदानित क्षेत्रातही अशाच असुरक्षिततेचा एक मोठा थर शासनानेच निर्माण केला. शिक्षणसेवकाला तीन वर्षे केवळ मानधनावर काम करावे लागते. २०२३ मध्ये हे मानधन वाढवून प्राथमिकसाठी १६ हजार आणि माध्यमिकसाठी १८ हजार रुपये करण्यात आले. तत्पूर्वी ते याच्या निम्म्याहूनही कमी होते. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांतील शिक्षकांनी तर तरुणपणाची वर्षे आझाद मैदानावरील आंदोलनांत घालविली. पोटाची चिंता असलेल्या माणसाकडून व्यावसायिक निष्ठेची अपेक्षा करताना समाजाने याचेही भान ठेवायला हवे.

मोजमाप कशाचे?

सरकारी आणि खासगी शाळांच्या तुलनेत नेमके काय हाती लागते? २००३ मध्ये देशभर अचानक भेटी देऊन झालेल्या पाहणीत सरकारी प्राथमिक शाळांतील सरासरी २५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले होते. महाराष्ट्राचे प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. याचा अर्थ, शिक्षक शाळेत येतच नाहीत हा आपल्याकडील मुख्य आजार कधीच नव्हता. तरीही ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण सरकारी शाळांतील पाचवीच्या केवळ ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. शिक्षक वर्गात आहे, मूलही वर्गात आहे, आणि तरीही वाचन येत नाही, ही खरी अडचण आहे.

खासगी शाळांचे गुण अधिक दिसतात. पण त्यात घरची परिस्थिती, शिकवण्या आणि पालकांचे शिक्षण यांचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण असते. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे झालेल्या प्रयोगात तो वेगळा काढण्यात आला. सोडतीने निवडलेल्या गरीब मुलांना शुल्क देऊन खासगी शाळांत पाठविण्यात आले. कार्तिक मुरलीधरन व व्यंकटेश सुंदररामन यांना तेलुगू आणि गणितात ही मुले आणि सरकारी शाळेतील त्यांच्यासारखी मुले यांच्यात फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळेतील मुले पुढे होती, कारण तो विषय तेथे अधिक शिकविला जात होता. खासगी शाळांचा प्रतिविद्यार्थी खर्च मात्र सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता. खासगी शाळांची शिकवण्याची जादू सिद्ध झाली नाही आणि सरकारी शाळांतील खर्चाचे चीज होत नाही हेही उघड झाले. दोन्ही बाजूंना अस्वस्थ करणारा असा हा निष्कर्ष होता.

शाळांच्या मूल्यमापनाचे मार्ग शासनाने शोधले नाहीत असे नाही. ‘शाळासिद्धी’च्या नावाने स्वयंमूल्यमापन आले, शाळा सुधार आराखडे लिहिले गेले, सुंदर शाळांच्या स्पर्धा झाल्या. या पद्धतीची परीक्षा मध्य प्रदेशात झाली आहे. तेथील १,७७४ शाळांत सविस्तर मूल्यमापन व सुधारणा आराखड्यांचा कार्यक्रम राबविण्यात आला. मुरलीधरन व अभिजित सिंग यांनी २०२० मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की आराखडे तयार झाले, नोंदी झाल्या. परंतु अध्यापनात, शिक्षकांच्या प्रयत्नांत वा मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. कागद शाळेत पोहोचला, वर्गात पोहोचला नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ने शिक्षक व मुख्याध्यापक दोघांसाठीही वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ती मोबाइलवर चित्रफिती पुढे सरकवून प्रमाणपत्र मिळविण्यापुरती उरली, तर तिचीही गत हीच होईल.

जेथे घडले, तेथे काय होते?

याच व्यवस्थेत, याच नियमांखाली वेगळे काम झाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहण्यास गेले आणि २२ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्यातून मोठी प्रेरणा मिळाली. पुणे जिल्ह्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक सर्वोत्तम शाळा स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तेथील मुख्याध्यापक दत्तात्रय वारे यांनी पूर्वी वाबळेवाडीची शाळा नावारूपाला आणली होती.

कुमठ्याचे अनुकरण करताना मात्र अनेक ठिकाणी वर्गाच्या फरशीवर रंगवलेले तक्ते तेवढे उचलले गेले. तेथील अधिकारी तपासणीची वही बाजूला ठेवून शिक्षकांसोबत बसल्या, मूल का शिकत नाही याची चर्चा केली, शिक्षकांना प्रयोग करण्याची मुभा दिली. हा भाग रंगवून घेता येत नसल्याने मागे राहिला. परिपत्रकातून साहित्य पोहोचते, नेतृत्व पोहोचत नाही.

खरे तर या विचाराला महाराष्ट्राची जुनी परंपरा आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते अहमदनगर येथील मिस फरार यांच्या संस्थेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचे पहिले माध्यमिक विद्यालय सातारा येथे १९४० मध्ये काढले. त्याआधी पाच वर्षे, १९३५ मध्ये, त्यांनी शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. आधी शिक्षक घडवावा, मग शाळा काढावी, हा क्रम त्यांनी पाळला. पुढच्या काळात इमारती आधी आल्या.

उपाय खर्चिक नाहीत

यातून मार्ग काढण्यासाठी नवा कायदा वा मोठा निधी लागेलच असे नाही. ज्येष्ठतेचे संरक्षण कायम ठेवूनही, मुख्याध्यापकपद स्वीकारण्यापूर्वी किमान एका सत्राचे शालेय नेतृत्वाचे प्रशिक्षण सक्तीचे करता येईल. प्रत्येक केंद्रासाठी एक माहिती लिपिक दिला, तर दहा शाळांतील शिक्षकांचे कित्येक तास वाचतील. माध्यमिक शाळांत पाठ निरीक्षणाचे ‘लॉगबुक’ जुने आहे. टाचण पाहून सही करण्याऐवजी मुख्याध्यापकाने आठवड्यातून दोन तासिका वर्गात मागच्या बाकावर बसून पाहाव्यात आणि त्यानंतर शिक्षकाशी बोलावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. ही नोंद गोपनीय अहवालापासून अलग ठेवली, तर शिक्षक तिच्याकडे शिक्षा म्हणून पाहणार नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळांना शुल्काबरोबरच शिक्षकांची अर्हता, सेवेची वर्षे व वेतन जाहीर करण्यास भाग पाडले, तर पालकांनाही इमारतीपलीकडचे काही दिसेल. आणि शिक्षकाचे काम जोखायचेच असेल, तर मूल जूनमध्ये कोठे होते आणि एप्रिलमध्ये कोठे पोहोचले, यावरून जोखावे. म्हणजे ऊसतोड कामगाराचे मूल शिकविणाऱ्या शिक्षकाच्या कष्टालाही किंमत येईल.

टीईटीसाठी न्यायालयाने दिलेली दोन वर्षे सप्टेंबर २०२७ मध्ये भरतात. त्या वेळी किती शिक्षक उत्तीर्ण झाले याची आकडेवारी प्रसिद्ध होईल, त्यावर वादही झडतील. प्रवरेकाठच्या वस्तीवरील दोनशिक्षकी शाळेत त्या दिवशीही एक शिक्षक फळ्यासमोर असेल आणि दुसरा ‘प्रभारी’ मुख्याध्यापक म्हणून माहिती भरीत असेल, तर त्या आकडेवारीचा मुलांना उपयोग काय? शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. समितीच्या पुढील बैठकीत खडू-फळा आणि पोषण आहार हे विषय संपल्यावर तेथील पालकांनी एक साधा प्रश्न विचारून पाहावा. आपल्या मुलांच्या वर्गात बसून एखादा पूर्ण तास मुख्याध्यापकांनी शेवटचा कधी पाहिला? खासगी शाळेत शुल्क भरणाऱ्या पालकांनीही तोच प्रश्न विचारायला हरकत नाही.